मोदकासारखी अक्षरं

मराठी संकेतस्थळ घडवणाऱ्या वेब डिझायनरचा दिवस रंग निवडण्यापेक्षा ओळींमधलं अंतर सांभाळण्यात जास्त जातो. रोमन लिपीच्या मापाने ओळी बसवल्या, की वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या मात्रा-रफारांवर आदळतात. मग अंतर वाढवायचं, मोबाईलवर पुन्हा तपासायचं. 'कर्तृत्व', 'धैर्यशील' असे शब्द या परीक्षेला उत्तम!

कानांत तेव्हा बहुधा शब्दांविना संगीत असतं. 1967 सालचं 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या: संतूर, बासरी आणि गिटार. गाण्याचे बोल ऐकत मजकूर तपासणं तसं अवघडच.

प्रेरणा कधी थेट ताटातून येते. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने 'मोदक' नावाचा फॉन्ट घडवला. अक्षरं इतकी गुबगुबीत, की त्यांच्या पोटातली पोकळी बारीक रेघेपुरतीच उरते. तो कुणालाही मोफत वापरता येतो. शीर्षकात झकास दिसतो. परिच्छेदभर लावला तर वाचकाला अजीर्ण. तिथे त्याच गटाचा सडसडीत 'मुक्ता' बरा.

त्याआधी कितीतरी वर्षं संगणकावरची मराठी बऱ्याचदा र. कृ. जोशींच्या 'मंगल' फॉन्टमध्ये दिसायची. सरकारी पत्रांत तो अजूनही भेटतो.