मूळ कशासाठीं शोधावें?

परदेशीं गेलेला मनुष्य हल्लीं तेथील प्रेक्षणीय स्थळांबरोबर आपल्या कुळाचें मूळही शोधूं लागला आहे. सकाळीं बाजार, सायंकाळीं समुद्रकिनारा, आणि मधल्या वेळांत पूर्वजाच्या नांवासाठीं एखादें जुनें दप्तर! या हौसेची थट्टा आम्ही करणार नाहीं. परंतु तीमध्यें आपण नेमकें काय शोधतों, हें पाहण्याजोगें आहे.

मॉरिशस बेटांतील पोर्ट लुई येथें घालविलेल्या एका दिवसानें हा प्रश्न आमच्यापुढें उभा केला. तेथील बंदराशीं आप्रवासी घाट आहे. गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ सालीं झाला, आणि उसाच्या मळ्यांना नवे मजूर हवे झाले. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारें साडेचार लाख लोक करारानें त्या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेलीं कोंकणांतील मराठी माणसेंही होतीं. त्या घाटाच्या पायऱ्या आज जागतिक वारसा म्हणून जपल्या जातात. जवळच मोका येथें महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्यें या लोकांचीं दप्तरें आहेत. प्रत्येकाचा क्रमांक, नांव, बापाचें नांव, गांव, जात, वय, उंची आणि अंगावरची खूण!

आमच्या घराण्यांतील एक पुरुष 'मिरीच देशीं' गेल्याचें वडील माणसें सांगत. दप्तरांत त्या नांवाचे अनेक निघाले. त्यांतील आमचा कोणता, हें ठरेना. ज्या सरकारानें त्याला केवळ दोन हात म्हणून नेलें, त्यानें त्याच्या अंगावरील व्रणाचीही नोंद ठेवली. आणि ज्या घरांत तो जन्मला, त्या घराच्या वंशावळींत त्याला एक ओळही नाहीं.

कोणी म्हणेल, तो आपण होऊन गेला. पत्र नाहीं, निरोप नाहीं. मग घरानें काय करावें? विस्मृति हा सर्वस्वीं अपराध नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु सनद मिळविणारा पूर्वज सात पिढ्या आठवतो आणि दुष्काळांत वा कर्जापायीं घर सोडणारा मात्र दुसऱ्याच पिढींत नाहींसा होतो, तेव्हां ती विस्मृति नसून निवड असते. पूर्वजाच्या इनामाचा अभिमान जो मिरवितो, त्यानें कुळाचें ऋणही स्वीकारलें पाहिजे.

त्या बेटावरील मराठी वंशज आज आपलें गांव शोधीत इकडे येतात. हातांत दप्तराची नक्कल, तीवर गांवाचें मोडकेंतोडकें नांव. त्यांना भाऊबंद म्हणून ओटीवर घ्यावयाचें, कीं पाहुणे म्हणून देऊळ दाखवून वाटेस लावावयाचें, याचें उत्तर कोणत्याही दप्तरांत मिळणार नाहीं. तें आपल्यालाच द्यावें लागेल.