कौल आणि कारण

लोकमत श्रेष्ठ की न्यायासन श्रेष्ठ, हा वाद घालताना दोन्ही पक्षांना सहसा स्मरण राहत नाही, ते इतकेच की न्यायाधीशाला निवाड्याची कारणे द्यावी लागतात आणि मतदाराला ती द्यावी लागत नाहीत. कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावरून झालेल्या प्रदीर्घ झगड्याचे मर्म मला या भेदात दिसते.

सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीच्या मुठीत गेलेल्या विधिमंडळाला वेसण घालावी, या हेतूने 1911 साली, हायरम जॉन्सन गव्हर्नर असताना, त्या राज्याच्या नागरिकांना ठराविक सह्या गोळा करून कायद्याचा, किंबहुना घटनादुरुस्तीचाही मसुदा परभारे मतदानास टाकण्याचा आणि साध्या बहुमताने तो मंजूर करून घेण्याचा अधिकार मिळाला. धनिकांविरुद्ध घडवलेले हे हत्यार दुर्बळांवरही चालले. घरांच्या विक्रीत वर्णभेदाला मोकळीक देणारा 1964 चा ठराव अखेर न्यायालयांनाच रद्द करावा लागला.

विवाह केवळ स्त्री-पुरुषांचाच, हा कायदा मतदारांनी 2000 साली केला. मे 2008 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध तीन मतांनी घटनाबाह्य ठरवला. आणि सुमारे 18,000 जोडपी विवाहबद्ध होतात न होतात तोच, नोव्हेंबरात, सुमारे 52 टक्के मतांनी ‘प्रपोझिशन 8’ मंजूर होऊन तीच बंदी खुद्द घटनेत जाऊन बसली. पुढच्या वर्षी त्याच न्यायालयाने ही दुरुस्ती वैध मानली, मात्र आधीचे विवाह कायम राखले. परिणामी एकाच गल्लीतील दोन जोडप्यांपैकी एकाला विवाहाचा हक्क होता आणि दुसऱ्याला नव्हता, तो निव्वळ तारखेच्या फरकाने.

चार विरुद्ध तीन हेही बहुमतच नव्हे काय, असा आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. परंतु त्या चौघांनी आपली कारणे लिहून जगाच्या छाननीस ठेवली होती. मतपेटीतील कौलाला ही कसोटी लागली ती प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात गेल्यावर. समलिंगी विवाहाने स्त्री-पुरुषांच्या विवाहसंस्थेची हानी कशी होते, असे न्यायाधीश वॉन वॉकर यांनी 2009 साली विचारले असता, बंदीच्या पुरस्कर्त्यांचे वकील चार्ल्स कूपर यांना, आपल्याला ते ठाऊक नाही, अशी कबुली द्यावी लागली. आणि खटल्यात त्या पक्षातर्फे अवघे दोन साक्षीदार उभे राहिले. ऑगस्ट 2010 मध्ये वॉकर यांनी बंदी रद्द केली.

न्यायालयाचा मार्ग निर्दोष होता असे मात्र नव्हे. राज्य सरकारने बंदीचा बचाव करण्याचे नाकारले, तेव्हा पुरस्कर्त्यांना अपिलाचा अधिकारच पोहोचत नाही, एवढ्याच मुद्द्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली प्रकरण निकालात काढले. म्हणजे मूळ प्रश्न अनिर्णित राहिला, आणि लोकांनी केलेला कायदा सरकारने नुसत्या मौनाने मोडीत काढावा, अशी वाटही मोकळी झाली. मूळ प्रश्नाचे उत्तर त्याच न्यायालयाच्या 2015 च्या ओबर्गफेल निकालाने, समलिंगी विवाहाचा हक्क देशभर मान्य करून, दिले.

बंदीचे ते निरुपयोगी झालेले कलम राज्याच्या घटनेतून काढले ते मतदारांनीच, 2024 साली, सुमारे 63 टक्के मतांनी. यावरून लोकांना कारणे कळत नाहीत, असे म्हणण्यास आधार उरत नाही. ती कळण्यास अवधी लागतो, इतकेच सिद्ध होते. म्हणून ज्या मतदानाने दुसऱ्याचा हक्क जाणार आहे, त्याला साध्या बहुमताहून कठीण अट असावी. कारण तो अवधी संपेपर्यंतचे आयुष्य, मत देणाऱ्याचे नव्हे, हक्क गमावणाऱ्याचे खर्ची पडते.