चार बोटं

माणदेशातली चाळीस उंबऱ्यांची एक वाडी. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. गुरं मात्र खिलार, पांढरीशुभ्र, लांब शिंगांची. दावणीवरून घराची पत ठरायची. वाडीला गायरान ९० एकर.

२०१२-१३च्या दुष्काळात वाडीची गुरं चारा छावणीत होती. पाऊस पडल्यावर परतली आणि थेट गायरानात शिरली. दसऱ्याला तिथं उरलं काय, तर पिकलेलं कुसळ आणि तरोटा. कुसळ तोंडाला टोचतं आणि तरोट्याला जनावर तोंडच लावत नाही.

पारावर एकमत झालं की गायरान कमी पडतंय, सरकारकडे आणखी जमीन मागायची. अर्ज लिहायला घेतला, तेव्हा आबांनी विचारलं, “किती मागायची?” आबा जन्मभर गुरांमागे हिंडलेले. “एका गाईला किती रान लागतं, ते तरी सांगा.” कुणी म्हणालं एक एकर, कुणी म्हणालं दोन. खात्रीनं कुणालाच सांगता येईना. “मलाबी ठाव न्हाई,” आबा म्हणाले, “पुढच्या दिवाळीला सांगतो.”

रोहिणी लागायच्या आत त्यांनी गायरानातला बैलगाडी उभी राहील एवढा तुकडा बोराटीनं कुंपून टाकला. श्रावणात कुंपणाच्या आत मारवेलाचे ठोंब फुटले. बी कुणी टाकलं नव्हतं. मुळं तिथंच तग धरून होती. भाद्रपदात पवन्या गुडघ्याला लागला. बाहेर, काट्यांना खेटून, जमीन तळहातासारखी.

दिवाळी झाल्यावर कृषी पदविका शिकणाऱ्या नातवानं टेप लावून आतलं एक चौरस मीटर गवत कापलं, बाहेरचंही तेवढंच. उन्हात वाळवलं आणि दुकानदाराच्या तराजूत घातलं. आतलं भरलं २०० ग्रॅम, बाहेरचं ५०.

बाकीचा हिशोब पारावर, सगळ्यांसमोर झाला. तीनशे किलोच्या गाईला दिवसाला आठ किलो वाळला चारा, म्हणजे वर्षाला २,९०० किलोच्या वर. कुंपणातल्यासारखं रान असेल तर एकरी ८०० किलो गवत. “पण सगळं न्हाई घ्यायचं, निम्मं ठेवायचं,” आबा मध्येच बोलले. पान गेलं की मूळ उपाशी राहतं, बी पडत नाही, उघड्या मातीवरून पाणी वाहून जातं. निम्म्यानं धरलं तर एका गाईला सव्वासात एकर. आणि बाहेरच्यासारखं रान असेल तर? नातवानं दोनदा आकडे मांडले. २९ एकर. म्हणजे आजच्या गायरानावर वर्षभर पोटभर चरतील अशी गुरं फक्त तीन. वाडीत होती १३०. शेळ्यामेंढ्या वेगळ्याच.

पारावर कुणी बोलेना. गाय तीच, तिचं पोट तेवढंच आणि जमीन मात्र चौपट लागते. अर्जाचा कागद घडी होऊन कुणाच्या तरी खिशात गेला.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाहून आलेला एक जण होता. तिथली चराईबंदी, गवत विळ्यानं कापून नेण्याची रीत त्यानं सांगितली. ठरलं ते असं: दोन पावसाळे गायरान बंद. मग कापणी, घरटी एका जनावरापुरती. रान कुंपणातल्यासारखं झालं की चाळीस जनावरांना निम्मं गवत ११२ दिवस पुरतं, म्हणजे जवळपास चार महिने. बाकी ज्याच्या त्याच्या कडब्यावर. गुरं सोडलेली सापडली तर दंड ५०० रुपये.

दुसऱ्या पावसाळ्यात एका पहाटे गायरानाच्या मधोमध एक कालवड चरताना दिसली. कपाळावर चांदणी, गळ्यात निळ्या मण्यांची माळ. सगळ्यांनी ओळखली, पण तोंड कुणी उघडेना. आबांच्याच दावणीची होती.

या गोष्टीत मला हीच पहाट सगळ्यात मोठी वाटते. आबांनी तिला कासऱ्यानं धरून वाडीभरातून चालवत पारावर आणलं, पारालाच बांधलं आणि ५०० रुपये मोजून ठेवले. घरी सून रडवेली झाली होती. दावं तिनंच सोडलं होतं; कडबा संपला होता, कालवडीचं हंबरणं तिला ऐकवेना. “एकच तर कालवड, मामंजी. तिनं किती खाल्लं असंल?”

आबा तिच्यावर रागावले नाहीत. “खाल्लं मूठभरच, पोरी,” म्हणाले. “पण तू म्हणलीस तेच आता चाळीस घरांत म्हणत असतील. माझ्या तोंडाकडं बघून गप हाईत.” संध्याकाळी शेजारणीनं न सांगता कडब्याच्या दहा पेंढ्या आणून टाकल्या. त्या हंगामात पुन्हा कुणाचं जनावर गायरानात दिसलं नाही.

तिसऱ्या वर्षी आश्विनात कापणी निघाली. कंबरेला लागणाऱ्या गवतात बायका ओळीनं बसल्या. सून नव्या विळ्यानं अगदी जमिनीलगत सपासप कापत होती. ओझं मोठं व्हावं असं कुणाला वाटत नाही? आबा काठी टेकत तिच्यापाशी आले, वाकले आणि चार बोटं आडवी धरून तिच्या विळ्याखाली मातीवर टेकवली.

तिनं वर पाहिलं, विळा उचलला आणि पुढचा ठोंब आबांच्या बोटांवरून कापला.