पाळणा आणि कोश

शेजारच्या माईंना यंदा श्रावणात तिसरी नात झाली. परळच्या इस्पितळातून निरोप आला तेव्हा माई चाळीच्या गॅलरीत कढीलिंब निवडीत बसल्या होत्या. "पहिली बेटी धनाची पेटी म्हणतात," त्या म्हणाल्या, "तिसरीला काय म्हणायचं?" आणि मग ओघानेच सुनेच्या माहेरचा उद्धार झाला. तिकडेही म्हणे मुलीच मुली.

मला राहवले नाही. गिरगावात चार बुके वाचलेल्या माणसाला गप्प बसणे जमत नाही. मी म्हणालो, "माई, मुलगा की मुलगी हे आईकडून ठरतच नाही. आई प्रत्येक लेकराला एक्स गुणसूत्रच देते. बाप कधी एक्स देतो, कधी वाय. वाय आला तर मुलगा." १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने पिठातल्या किड्यांत याचा माग काढला, हेही सांगितले. माई गप्प झाल्या. आपण एका सुनेची अब्रू राखली असे मला वाटले.

संध्याकाळी त्यांचा मुलगा कामावरून परतला. जिना चढताच माईंनी त्याला सुनावले, "तुझ्यातच खोट आहे म्हणे!" त्या बिचाऱ्याचा चेहरा मला अजून दिसतो. एका डोक्यावरचा धोंडा उचलून मी दुसऱ्या डोक्यावर ठेवला होता, इतकेच.

माईंची थोरली नात आठ वर्षांची. माझ्या दाराशी तेलाच्या डब्यात लिंबाचे रोप आहे. त्यावर एक हिरवी अळी कोश करण्याच्या बेतात होती. पोरगी तिच्यापाशी बसून होती. तिने सकाळचे सारे ऐकले असावे.

"काका, यांच्यात कोण ठरवतं?"

"यांच्यात आई ठरवते."

"मग हिची सासू हिला बोलत असेल!"

मी हसलो, पण रात्री झोप येईना. पोरगी खरेच बोलली होती. फुलपाखरांत आणि पतंगांत नराजवळ दोन झेड असतात, मादीजवळ एक झेड आणि एक डब्ल्यू. आईने डब्ल्यू दिला तर मुलगी. म्हणजे आपण फुलपाखरे असतो, तर माईंचा आरोप शास्त्रशुद्ध ठरला असता! मग तो न्याय्यही ठरला असता काय? आपल्या पदरातून कोणते गुणसूत्र जाईल हे फुलपाखराच्या मादीच्याही हाती नाही आणि परळच्या इस्पितळाबाहेर ताटकळणाऱ्या बापाच्याही नाही. मी वकिली केली ती "गुन्हेगार दुसराच आहे" अशी. मुलगी होणे हा गुन्हाच नाही, हे म्हणायचे राहूनच गेले.

आणि वंशाच्या दिव्याचे काय? वाय बापाकडून मुलाकडे जातो, म्हणून तो दिवा मानायचा, तर फुलपाखरांत डब्ल्यू आईकडून लेकीकडे जातो. तिथे लेकच दिवा. तोही काही अनादि नव्हे. पतंगांच्या पूर्वजांत डब्ल्यू नव्हताच. दोन झेड असले की नर आणि एकच असला की मादी, एवढाच तो हिशेब. त्यांचे चुलत भाईबंद असलेल्या कॅडिसमाश्या अजून त्यावरच चालतात. डब्ल्यू मागाहून आला. कोठून, यावर पंडितांत वाद आहे. काही जातींनी तर तो पुन्हा गमावलाही. रेशमाच्या किड्यात मादी घडवण्याची आज्ञा डब्ल्यूवरच्या आरएनएच्या एका तुकड्यात आहे, असे २०१४ साली जपानी संशोधकांना आढळले. तुकडा अवघ्या एकोणतीस अक्षरांचा! त्याच किड्याच्या रेशमाची पैठणी नेसून आपण बारशाला जातो. आपला वायही झिजत झिजत एक्सपुढे अगदी खुजा उरला आहे.

शास्त्र सांगू नये असे मी म्हणत नाही. एखाद्या सुनेचे चार टोमणे त्याने चुकत असतील, तर अवश्य सांगावे. पण १९८०च्या दशकात याच मुंबईत गर्भजल तपासून मुलगी आहे की मुलगा ते सांगत, तेव्हा सांगणाऱ्यांना गुणसूत्रे माझ्यापेक्षा कितीतरी चांगली ठाऊक होती. महाराष्ट्राला १९८८ साली, देशात सर्वांआधी, त्याविरुद्ध कायदा करावा लागला. साऱ्या देशासाठी तो १९९४ साली झाला.

बारशाच्या दिवशी सकाळी कोश उकलला. काळे पंख, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. कॉमन मॉर्मन. पोरगी धावत आली. "मुलगा की मुलगी?"

सांगता येईना. या जातीच्या काही माद्या तांबडे ठिपके लेवून विषारी फुलपाखरांचे सोंग घेतात. त्या सोंगाची किल्ली कोणत्या जनुकात आहे, ते कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले. तांबडे ठिपके असते तर मादी म्हणून छातीठोक सांगता आले असते. पण काही माद्या नरासारख्याच दिसतात. मराठीने फुलपाखराला नपुंसकलिंगी करून स्वतःपुरता हा प्रश्न मिटवला आहे; पोरीचा काही मिटेना.

इतक्यात माई घुगऱ्यांचे ताट घेऊन बाहेर आल्या. माझ्या हातावर मूठभर घुगऱ्या ठेवल्या, वाकून लिंबाच्या रोपाकडे पाहिले आणि नातीला म्हणाल्या, "हात लावू नकोस गं. पंख ओले आहेत अजून त्याचे."