परतीची गाडी किती वाजता?

दिवाळीनंतरची तीन दिवसांची सुट्टी कोल्हापुरात काढायची ठरली, की नकाशा उघडतो आणि हाव सुटते. पन्हाळा, जोतिबा, नृसिंहवाडी, खिद्रापूर, गगनबावडा, दाजीपूर, सगळंच हाताशी दिसतं. स्वतःची गाडी असेल तर ही हाव भागवताही येते. एसटीने हिंडायचं, तर तीन दिवसांत अंबाबाईचं दर्शन आणि गावातलं फिरणं धरून दोनच ठिकाणं नीट होतात. ही मर्यादा मला मनापासून आवडते. कुठे जायचं एवढ्यावर ती थांबत नाही, गेलेल्या ठिकाणी किती वेळ राहायचं हेही तीच ठरवते.

एसटीचं वेळापत्रक प्रवाशाच्या सुट्टीसाठी आखलेलं नसतं. ते त्या गावाच्या दिवसावर बेतलेलं असतं. पन्हाळा तालुक्याचं ठिकाण. कचेरीच्या कामाला, शाळेला, बाजाराला माणसं रोज गड चढतात-उतरतात. म्हणून वीस किलोमीटरवरच्या या गडाला दिवसभर गाड्या आहेत. खिद्रापूर शिरोळ तालुक्याच्या अगदी टोकाला, कृष्णेच्या काठी, पलीकडे कर्नाटक. तिथे फेऱ्या मोजक्या, आणि त्या शाळेच्या पोरांच्या वेळेला. त्यामुळे क्रम आपोआप ठरतो: अवघड ठिकाण पहिल्या दिवशी, सोपं दुसऱ्या. खिद्रापूरची गाडी चुकली तरी हातात एक दिवस उरतो.

खिद्रापूरला जाताना सकाळच्या पहिल्या गाडीने आधी नृसिंहवाडी गाठावी. पौर्णिमा आणि गुरुवार मात्र टाळावा, तेव्हा दत्तभक्तांची रीघ असते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पादुकांचं दर्शन घ्यावं, बासुंदी खावी आणि पंचगंगेवरचा पूल ओलांडून कुरुंदवाडला यावं. "खिद्रापूर? बसा की, लागंल गाडी," असं स्टँडवर कुणीतरी सांगतंच. मग गाडी लागते. डबे, दप्तरं, खताची पिशवी, माहेरी निघालेली लेक, दोन्ही बाजूंना ऊस. खिद्रापूरला उतरताना कंडक्टरला एकच प्रश्न विचारून ठेवायचा: "दादा, परतीची गाडी किती वाजता?" उत्तर बहुतेक वेळा आपल्या सोयीचं नसतं, आणि तेच आपल्या पथ्यावर पडतं.

खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ अर्ध्या तासात 'बघून होतं'. गाड्या घेऊन आलेली मंडळी स्वर्गमंडपात उभी राहतात, वरच्या गोल मोकळ्या छताखाली फोटो काढतात आणि निघतात. परतीच्या गाडीला अवकाश असलेल्याला निघताच येत नाही. मग तो त्या गोल शिळेच्या कडेला बसतो. तेरा फूट व्यासाची ती अखंड शिळा, तिच्याभोवती बारा खांब, आणि छतातून खाली उतरलेलं ऊन. तासाभरात ते ऊन दगडावरून किती सरकतं, हे थांबल्याशिवाय कळत नाही. मग बाहेर येऊन गजपट्टाला एक सावकाश फेरी होते. देवळाचं ओझं पाठीवर घेऊन उभे असलेले ते हत्ती एका साच्यातले नाहीत, हे दुसऱ्या फेरीत लक्षात येतं. नंदी कुठे दिसत नाही. सती माहेरी जाताना नंदीवर बसून गेली, म्हणून तो नदीपलीकडे यडूरला आहे, असं गावातली माणसं सांगतात. सतीच्या विरहाने कोपलेला शंकर तो कोपेश्वर, आणि त्याची समजूत काढायला आलेला विष्णू धोपेश्वर होऊन गाभाऱ्यात शेजारीच. दोघांना एका गाभाऱ्यात ठेवणाऱ्या त्या कल्पनेपाशी मी दर वेळी अडतो. रागावलेल्या देवाशेजारी कुणीतरी बसून राहिलंय, ही गोष्ट मला इथल्या कोरीवकामाइतकीच मोठी वाटते.

दक्षिण दरवाजापाशी देवनागरीतला शिलालेख आहे, शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१४ च्या सुमाराचा. देवगिरीचा यादव राजा सिंघण याने देवाला दिलेल्या दानाचा तो लेख. देऊळ शिलाहारांच्या काळातलं, मग दान यादवांचं कसं? हा प्रश्न मनात घेऊनच दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याची गाडी धरावी. शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज याची राजधानी पन्हाळा. सिंघणाने त्याला हरवलं आणि शिलाहारांचं राज्य संपलं. कृष्णाकाठच्या त्या दगडावरच्या ओळी कशामुळे लिहिल्या गेल्या, ते या गडावर उलगडतं.

पन्हाळ्याला बहुतेक जण शिवरायांसाठी जातात, आणि जावंच. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा, आषाढातली ती पावसाळी रात्र, विशाळगडाची वाट, शिवा काशिद, बाजीप्रभू. हे आठवत सज्जा कोठीतून खाली बघताना छाती भरून येते. एसटी मात्र गडात शिरते ती जुन्या चार दरवाजाच्या जागेवरून. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला. पश्चिमेचा तीन दरवाजा शाबूत आहे, तिथवर चालतच जावं. वाटेत गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं लागतात. गंगेच्या आत शिरून तिची उंची अंगावर घ्यावी.

इथे परतीच्या गाडीची चिंता नाही. एक गेली तर थोड्या वेळाने दुसरी येते. म्हणून पन्हाळ्याला घड्याळ बघायचं नाही. तबक उद्यानाच्या बाजूला झुणका-भाकरी खायची, आणि येताना वाटेत दिसणारा जोतिबाचा डोंगर पुढच्या सुट्टीसाठी राखून ठेवायचा.