दुर्मिळ ग्रंथ कोणाचा?

एखादे पुस्तक दुर्मिळ झाले की त्याचा मान वाढतो आणि वाचक कमी होतात. हे असेच असावे काय? प्रश्न वरवर ग्रंथपालांचा वाटतो. मला तो नीतीचा वाटतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आरंभीच्या ग्रंथाकडे पाहिले की तो टाळताही येत नाही.

थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातील विल्टशायर परगण्यातले. ४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांच्या ताफ्यातून त्यांनी लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यास पोहोचले. तेथून त्यांनी वडिलांना धाडलेले पत्र पुढे रिचर्ड हॅक्लूटच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले गेले. विषुववृत्तावरील पडलेला वारा, उडणारे मासे, आफ्रिकेच्या टोकाची धास्ती, हिरड्या सुजवणारा रोग, दीडशेहून अधिक आजारी, सत्तावीस मृत्यू, हे सारे त्या पत्रात आहे. हिंदुस्थानच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या परक्या माणसाचे ते लेखन. चार वर्षांनी, १५८३ मध्ये, भावाला लिहिताना मात्र त्यांचे कान येथे रुळलेले दिसतात. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी आहे, असे ते कळवतात. आणि १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते मराठी ओवीत. दोन पुराणे, ९५ अवस्वरू, सुमारे अकरा हजार ओव्या. देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते, म्हणून लिपी रोमन. समुद्र ओलांडायला त्यांना सात महिनेही लागले नाहीत; भाषेची सीमा ओलांडून तिच्यात काव्य करीपर्यंत सदतीस वर्षे गेली.

या ग्रंथाच्या जन्मकथेत एक बोचरी गोष्ट आहे, ती झाकून ठेवू नये. नवख्रिस्ती लोकांपासून त्यांची जुनी पुराणे दूर केली गेली होती. त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे, असे ग्रंथारंभी एक ब्राह्मण फादरांना विचारतो. ज्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतले त्यांना पुस्तक देणे, हा माझ्या मते उपकार नव्हता, ती भरपाई होती. म्हणूनच ग्रंथ कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच पानापासून ‘मागणाऱ्याचा’ असे येते.

१६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा मुद्रण झाले. तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. १६८४ साली व्हाइसरॉयने तीन वर्षांत लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. राज्यकर्तेही ख्रिस्तीच होते, हे ध्यानात ठेवलेले बरे. मग ग्रंथ टिकला कसा? कानडा किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या गोमंतकीय ख्रिस्ती घराण्यांनी हाताने नकला केल्या आणि ओव्या म्हटल्या. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यात निघाली.

येथे कोणी योग्य आक्षेप घेईल. लंडनमध्ये विल्यम मार्सडेनच्या संग्रहात याच ग्रंथाचे देवनागरी हस्तलिखित आहे. विसाव्या शतकात जस्टिन अ‍ॅबट यांनी अभ्यासकांचे लक्ष तिकडे वेधले. ती पोथी सुरक्षित राहिली कारण ती कपाटात होती! आक्षेप खरा आहे. कुलूप नसते तर तेही गेले असते. पण त्या कपाटाचे दार अभ्यासकाला उघडले, म्हणूनच आपल्याला ते ठाऊक आहे.

संत थॉमस अक्वायनस मालमत्तेबद्दल लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या करतात. वस्तू मिळवणे आणि तिची व्यवस्था पाहणे, हे माणसाने स्वतःचे म्हणून करणे योग्य. तिचा उपयोग मात्र सर्वांचा समजावा, गरजवंताला सहज द्यावा. धान्याच्या कोठाराला हे लागू होते तितकेच पोथीलाही. किंबहुना पोथीला अधिक. धान्य दिले की संपते, ओवी दिल्याने संपत नाही.

आमच्या वाघोलीत, पिलाजी जाधवरावांच्या या गावी, आता उंच इमारती उठल्या आहेत. नगर रस्त्याने अहिल्यानगर, जालना भागातून येऊन येथे स्थिरावणाऱ्या कुटुंबांच्या ट्रंकांत आजोबांच्या हातची भजनांची वही, फाटके प्रार्थनापुस्तक असते. सदनिका लहान, म्हणून ते रद्दीत जाते; किंवा ‘जुने आहे, किंमत येईल’ असे कळताच कडीकुलपात. दुसरे मला पहिल्याइतकेच खटकते. दुर्मिळपणाची किंमत म्हणजे इतरांपाशी ती वस्तू नसण्याची किंमत. तिच्यावर आनंद मानणे शेजाऱ्याच्या उणिवेवर आनंद मानण्याच्या फार जवळ जाते.

वही घराबाहेर न देण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे. हात धुऊन, टेबलाशी बसून, पान हळू उलटा, असे त्याने जरूर सांगावे. पण कोणी कागद-पेन्सिल घेऊन दारी आला, किंवा आजच्या रीतीप्रमाणे मोबाइलवर पाने टिपून घेऊ म्हणाला, तर त्याला परत पाठवण्याचा अधिकार मला कोठेच सापडत नाही.