कानांनी केलेले वाचन



आपल्या धर्मग्रामातील एक दृष्टिहीन तरुण मोबाइलवर सगळे काही ऐकून वाचतो. परवा मिस्सानंतर तो म्हणाला, "फादर, तुमची पत्रिका तेवढी मला वाचता येत नाही. फोन नुसता 'फोटो' म्हणतो अन् गप्प बसतो." चूक आमचीच होती. छापील पानाचा फोटो काढून आम्ही तो व्हॉट्सअॅपवर पाठवीत होतो. त्यात अक्षरे दिसत होती, पण फोनला उच्चारता येईल असा मजकूर नव्हता.

काहींना वाटते, ऐकणे म्हणजे काही वाचणे नव्हे. आपल्याच अमरावती जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) आठवावेत. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. ते इतरांकडून ग्रंथ वाचून घेत आणि स्वतःचे ग्रंथ तोंडी सांगून लिहवून घेत. अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. त्यांनी वाचन केले नाही, असे वऱ्हाडात कोण म्हणेल?

मात्र त्यांना वाचून दाखवणारा माणूस लागे. त्याला सवड नसली की ग्रंथ मिटलेलाच. ही अडचण यंत्रांनी कमी केली. अमेरिकेत रे कुर्झवाइल यांनी १९७६ साली छापील पान मोठ्याने वाचणारे यंत्र लोकांपुढे आणले. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने संगणकाचा पडदा वाचून दाखवणारे 'एनव्हीडीए' सुरू केले व ते सर्वांना विनामूल्य दिले. आज ते मराठीही वाचते. मोबाइलमध्येही ही सोय आहे आणि बोललेले लिहून घेण्याचीही. डिस्लेक्सियामुळे वाचन जड जाणाऱ्या मुलांनाही तिचा आधार होतो.

मग आपले कर्तव्य संपले काय? उलट, ते अधिक स्पष्ट झाले. वाचून दाखवणे हे प्रेमाचे काम आहे, पण त्यात देणाऱ्याची सवड पाहावी लागते. दुसऱ्याला हवे तेव्हा स्वतः वाचता यावे असा मजकूर देणे, हा न्याय आहे. यंत्र आपण देऊ तेच वाचणार. जुन्या फॉन्टमधले मराठी आपल्याला मराठी दिसते, पण यंत्राच्या लेखी ती निरर्थक इंग्रजी अक्षरे असतात. युनिकोडमध्ये टाइप केले तरच ते मराठी बोलते.

यरीहोच्या वाटेवर लोक आंधळ्या बार्तीमयला गप्प बसवत होते. प्रभू येशूने मात्र त्याला जवळ बोलावले आणि काय हवे ते त्यालाच विचारले. आम्ही एवढी वर्षे पत्रिका काढली, पण असे कोणालाही विचारले नाही. याचा आम्हाला खेद आहे.

येत्या रविवारपासून पत्रिका फोटोऐवजी युनिकोड मजकूर म्हणून पाठवू. तुमच्या घरी वा शेजारी वाचन जड जाणारे कोणी असेल, तर त्यांना फोनमधली ही सोय दाखवा. आणि आजीला शुभवर्तमान वाचून दाखवत असाल, तर ते थांबवू नका. तिला मजकुराइतकीच तुमची सोबतही हवी असते.

तुमचे धर्मगुरू